चाक थांबते तेव्हा : मोटारसायकल प्रवासपट आणि त्यांचा प्रेक्षक

अहेरी, आलापल्ली, एटापल्ली, भामरागड या पट्ट्यात मोटारसायकल ही हौसेची वस्तू नाही. तिच्यावर तांदळाचे चुंगडे येते, शेळी येते, मागे-पुढे दोघांनी धरलेला तापाचा रोगी येतो. शिक्षक तिच्यावरून शाळा गाठतो, आरोग्यसेविका लसीचा डबा घेऊन पाडा गाठते. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी वाहू लागले की गाडीसह माणूस अलीकडे बसून राहतो. पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की भामरागडचा संपर्क तुटतो, ही तर दर वर्षीची बातमी. अशा मुलखात, रात्रीची जेवणे आटोपल्यावर, मोबाइलच्या पडद्यावर लोक काय पाहतात? मंगोलियातल्या चिखलात रुतलेली कोणा परक्याची गाडी. दिवसभर खड्डे सोसलेला माणूस रात्री दुसऱ्याचे खड्डे आवडीने का पाहतो, या प्रश्नाने मला गेली काही वर्षे धरून ठेवले आहे.

दूरच्या मोटारसायकल प्रवासाच्या माहितीपटाला मी 'प्रवासपट' म्हणतो. यात चित्रपटगृहासाठी केलेले पट येतात, दूरचित्रवाणीच्या मालिका येतात आणि आता एकट्या स्वाराने रोज थोडे थोडे चित्रित करून जगापुढे ठेवलेले भागही येतात. माझी पद्धत साधी आहे. पट पाहायचा, शक्य असेल तर चार माणसांबरोबर पाहायचा आणि पडद्यापेक्षा पाहणाऱ्यांकडे जास्त लक्ष ठेवायचे.

चालत्या वाहनातून दिसणारे जग पडद्यावर पाहण्याची ओढ सिनेमाइतकीच जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात आगगाडीच्या पुढच्या टोकाला कॅमेरा बांधून काढलेल्या चित्रफिती लोक गर्दी करून पाहत. त्यांना 'फँटम राइड' म्हणत. फँटम म्हणजे भूत. वाहन दिसत नाही, चालवणारा दिसत नाही, फक्त रूळ अंगावर येत राहतात, म्हणून हे नाव. पुढे १९३२ साली रॉबर्ट एडिसन फुल्टन हा तरुण अमेरिकन डग्लस मोटारसायकलवर लंडनहून निघाला आणि भारत ओलांडून टोकियोपर्यंत गेला. त्याच्याजवळ कॅमेरा आणि फिल्मची रिळे होती. 'वन मॅन कॅरव्हॅन' हे त्याचे पुस्तक १९३७ साली आले. टेड सायमन हा इंग्रज पत्रकार १९७३ ते १९७७ अशी चार वर्षे ट्रायम्फ गाडीवर जगभर हिंडला. त्याच्या 'ज्युपिटर्स ट्रॅव्हल्स' या पुस्तकाने पुढच्या पिढीला घराबाहेर काढले.

त्या पिढीतले दोघे म्हणजे अभिनेते इवान मॅकग्रेगर आणि चार्ली बूर्मन. २००४ साली एप्रिल ते जुलै या काळात ते लंडनहून युरोप, कझाकस्तान, मंगोलिया, सायबेरिया, अलास्का असे पूर्वेकडे जात न्यूयॉर्कला पोचले. अंतर सुमारे ३०,००० किलोमीटर. 'लाँग वे राउंड' या त्यांच्या मालिकेने प्रवासपटाचा साचा घडवला. आधी नकाशा, मग तयारी, निरोप, बिघाड, हताशा, मदत आणि शेवटी आगमन. आजचे बहुतेक पट याच साच्यात बसतात.

आपल्याकडे याच सुमारास मुंबईच्या गौरव जानी यांनी वेगळी वाट धरली. 'रायडिंग सोलो टू द टॉप ऑफ द वर्ल्ड' हा २००६ सालचा त्यांचा पट मुंबईहून लडाखच्या चांगथांग पठारापर्यंतच्या प्रवासाचा आहे. सोबत पथक नाही, मागे मोटार नाही. कॅमेरा तिपाईवर लावायचा, गाडीवर बसून त्याच्या समोरून पुढे निघून जायचे आणि मग कॅमेरा उचलायला परत यायचे. पडद्यावर स्वार एकदाच जाताना दिसतो, पण त्या एका दृश्यासाठी तोच रस्ता त्याने तीनदा कापलेला असतो. अलीकडे नोराली स्कूनमाकर ही डच तरुणी भूशास्त्रज्ञाची नोकरी सोडून भारतात आली, इथेच तिने रॉयल एनफिल्ड हिमालयन घेतली, गाडीचे नाव 'बसंती' ठेवले आणि तिच्यावरून नेदरलँड्सला घरी पोचली. 'इची बूट्स' या नावाने तिचे भाग जगभर पाहिले जातात. फुल्टनच्या एकट्या कॅमेऱ्यापासून मॅकग्रेगरच्या पथकापर्यंत आणि तिथून पुन्हा एकट्या स्वारापर्यंत असा हा फेरा आहे.

आता प्रेक्षकाकडे वळू. रॉबर्ट पर्सिग याने १९७४ सालच्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात मोटार आणि मोटारसायकल यांतला फरक सांगितला आहे. मोटारीत बसलेला माणूस खिडकीच्या चौकटीतून जग पाहतो, जणू दूरचित्रवाणीच पाहतो. मोटारसायकलवर ती चौकट नाहीशी होते आणि माणूस दृश्याच्या आत जातो. हे खरे मानले, तर प्रवासपट ही एक गंमतच ठरते. स्वाराने जी चौकट मोडली, ती पट पाहणाऱ्यासाठी पुन्हा उभी करतो. थंडी, धूळ, पाठीची कळ चौकटीबाहेर राहतात. म्हणून पट बनवणाऱ्याला त्यांची भरपाई करावी लागते. शिरस्त्राणावर कॅमेरा लावला की हँडल आपल्याच हातात असल्यासारखे वाटते. इंजिनाचा आवाज राखला की रस्त्याचा चढ कानाला कळतो. आणि स्वार कॅमेऱ्याशी बोलू लागला की तो आपल्याशीच बोलतोय असे वाटते.

या शेवटच्या गोष्टीला अभ्यासकांनी फार पूर्वी नाव दिले. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकन संशोधकांनी १९५६ साली रेडिओ-दूरचित्रवाणीच्या निवेदकांविषयी लिहिताना दाखवले, की प्रेक्षकाच्या मनात समोरासमोर ओळख असल्याचा भास तयार होतो, प्रत्यक्षात ती ओळख एकतर्फी असते. रोज रात्री भेटणाऱ्या एकट्या स्वाराबाबत हा भास अधिकच पक्का होतो. त्याची गाडी बंद पडली की पाहणाऱ्याचा जीव खालीवर होतो.

मात्र सगळ्यांचा जीव एकाच जागी अडकत नाही. माझ्याबरोबर पाहणाऱ्या कॉलेजच्या मुलांना गाडी किती सीसीची आणि केवढ्याची, हे आधी हवे असते. गॅरेजातला मिस्त्री स्वाराच्या तोंडाकडे पाहतच नाही, त्याचे डोळे हातांवर असतात. मंगोलियात 'लाँग वे राउंड'चा कॅमेरामन क्लॉदिओ फॉन प्लांटा याची महागडी गाडी मोडली आणि त्याच्यासाठी तिथेच एक साधी रशियन इझ मोटारसायकल विकत घेतली गेली, तो भाग मिस्त्रीला सर्वांत आवडला. दुरुस्त करता येते तीच गाडी, हे त्याचे आयुष्यभराचे मत तिथे पडद्यावर सिद्ध झाले होते. बाया विचारतात ते निराळेच. ही एकटी मुलगी रात्री निजते कुठे? तिला जेवायला कोणी घातले? ज्याने घातले, त्याच्या घरी किती माणसे?

हे तिन्ही प्रेक्षक वेगवेगळे दिसले, तरी एका बाबतीत सारखे आहेत. सुसाट रस्ता चालू असतो तेव्हा ते आपसात बोलतात, पाणी प्यायला उठतात. चाक थांबले की सगळे गप्प होऊन पडद्याकडे वळतात. बिघाड, नदी, तपासणी नाका, अनोळखी घर. सायबेरियातल्या फुगलेल्या नद्यांवर मॅकग्रेगर-बूर्मन यांना गाड्या अवजड ट्रकांवर चढवून पलीकडे न्याव्या लागल्या. आमच्याकडच्या प्रेक्षकाला तिथे शौर्य दिसत नाही, ओळख पटते. प्रवासपटाचे नाव जरी अंतराचे असले, तरी त्याचा प्राण मुक्कामात असतो, या निष्कर्षाला मी अशा रात्री पाहतच आलो. जानींचा पटही चांगपा पशुपालकांच्या तंबूत पोचल्यावरच खरा सुरू होतो. तिथून पुढे गाडीपेक्षा ती माणसे मोठी होतात.

मराठी मनाला हे नवे नाही. नर्मदा परिक्रमेच्या आपल्या वर्णनांतून किती कोस चाललो याचा हिशेब कमी आणि कोणत्या घाटावर कोणी सदावर्त दिले याची आठवण जास्त असते. परिक्रमावासी जितका महत्त्वाचा, तितकाच त्याला शिधा देणारा. वारीतही दिंडीला जेवू घालणाऱ्या गावाचा मान असतो. ताज्या घटनेतही हेच सूत्र दिसले. योगेश आलेकरी हा मराठी तरुण मे २०२५ मध्ये मुंबईहून निघून सतरा देश ओलांडत इंग्लंडला पोचला. ऑगस्टअखेरीस नॉटिंगहॅमच्या एका उद्यानातून त्याची गाडी चोरीला गेली, पासपोर्ट आणि सामानासह. ही बातमी पसरल्यावर अनोळखी लोक मदतीला धावले आणि जवळच्या मॅन्सफिल्डमधल्या एका मोटारसायकल व्यावसायिकाने त्याला तशीच गाडी दिली. एकतर्फी ओळख इथे दुतर्फी झाली. केवळ पाहणारे यजमान झाले.

इथवरचे सगळे प्रेक्षकाच्या बाजूने. पण अहेरीचा प्रेक्षक आणखी एका कारणाने वेगळा आहे. तो कॅमेऱ्याच्या दुसऱ्या बाजूलाही असतो. अलीकडे आलापल्लीच्या सागवनातून भामरागडच्या त्रिवेणी संगमाकडे, कमलापूरच्या हत्तीकॅम्पकडे बाहेरचे स्वार येऊ लागले आहेत. शिरस्त्राणावर कॅमेरा असतो. त्यांच्या चित्रफितींत ठरलेले शब्द येतात : दुर्गम, अस्पर्श, धोक्याचा लाल पट्टा. एखादी माडिया बाई डोक्यावर मोळी घेऊन रस्त्याच्या कडेने जाताना दोन-तीन सेकंद दिसते. तिला नाव नसते. तिला विचारलेले नसते. ती माडियात काही बोलली असेल, तर त्यावर संगीत घातलेले असते. हीच चित्रफीत तिचा नातू संध्याकाळी मोबाइलवर पाहतो, हे त्या स्वाराच्या गावीही नसते.

'दुर्गम' हा शब्द नेहमी कुठून तरी मोजलेला असतो. गर्देवाड्याच्या माणसाला गर्देवाडा दुर्गम नाही, त्याला तालुक्याची कचेरी दुर्गम आहे. अहेरीहून गर्देवाड्याला एसटीची पहिली बस १ जानेवारी २०२५ रोजी सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी. ज्या रस्त्याला पाहुणा स्वार साहस म्हणतो, त्याला आमच्याकडे गैरसोय म्हणतात, आणि तिला कोणीतरी जबाबदार असते. साहसाला कोणी जबाबदार नसते. चित्रफितीने गैरसोयीचे साहस केले, की तो प्रश्नच पुसला जातो. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

मग हा प्रकार टाकाऊ म्हणायचा का? नाही. 'लाँग वे राउंड'च्याच वर्षी, २००४ साली, वॉल्टर सालेस यांचा 'द मोटरसायकल डायरीज' हा चित्रपट आला. तो माहितीपट नव्हे, पण १९५२ सालच्या खऱ्या प्रवासावर बेतलेला आहे. अर्नेस्टो गेव्हारा आणि अल्बर्टो ग्रानादो यांची जुनी नॉर्टन गाडी चिलीतच कायमची बंद पडते. पुढे ते चालत, मिळेल त्या वाहनाने जातात आणि पेरूमधल्या सान पाब्लो इथल्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत राहतात. आनंदवन शेजारच्याच जिल्ह्यात आहे, त्यामुळे आमच्याकडच्या प्रेक्षकाला हा भाग परका वाटत नाही. बाबा आमट्यांनी १९८५ साली तरुणांना सायकलींवर घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रा काढली, हेही त्याला ठाऊक असते. दोन चाकांचा लांबचा प्रवास माणसांपर्यंत नेऊ शकतो, याचा दाखला त्याच्या घरातच आहे.

म्हणून पट पाहताना मी तीन गोष्टी विचारतो. चाक किती वेळ थांबले? ज्याच्या दारी थांबले, त्याचे बोलणे त्याच्या भाषेत ऐकू आले का, आणि ते आपल्याला समजावून दिले का? आणि मदत करणाऱ्याचे नाव, त्याची हरकत नसेल तर, स्वाराच्या नावाइतके स्पष्ट आले का? या कसोट्यांवर काही नावाजलेले पट उणे पडतात आणि काही साधेसुधे टिकतात.

एक पट मात्र अजून पाहायचा राहिला आहे. त्यात अंतर फार नाही, आलापल्ली ते भामरागड आणि पुढचे पाडे एवढेच. गाडी जुनी, शंभर सीसीची. स्वार म्हणजे लसीचा डबा खांद्याला अडकवलेली आरोग्यसेविका. कॅमेरा तिच्याच मुलाच्या किंवा भाचीच्या हातात, आणि संवाद माडियात, तेलुगूत, मराठीत, जिथे जसे बोलतात तसे. मोबाइल आता जवळजवळ प्रत्येक घरी आहे, म्हणजे साधनाची अडचण उरलेली नाही. नाल्याला पाणी आले की ती जिथे थांबते, त्या घरची बाई तिला काय सांगते, हे ऐकायला आमच्याकडची माणसे रात्री जागतील याची मला खात्री आहे. बाहेरच्या प्रेक्षकालाही रस्ता कडेने कसा दिसतो ते त्यात पाहता येईल.