बंधाऱ्याचा भार आणि चार बिंदूंची चूक

देवबाग म्हणजे तारकर्लीच्या दक्षिणेला निमुळती होत गेलेली वाळूची पट्टी. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली, टोकाला दोघांचा संगम. किनारा धुपतो म्हणून समुद्राच्या बाजूला दगडी बंधारा घालतात. त्या दगडांच्या भाराने खालची वाळू किती दबेल? लाटा बंधाऱ्याचा पायथा पोखरतात ते वेगळं दुखणं, आणि बहुधा मोठं. इथे प्रश्न फक्त भाराचा.

बूसिनेस्क या फ्रेंच गणितज्ञाने 1885 मध्ये मूळ सूत्र दिलं. लवचीक जमिनीवर एका बिंदूत भार ठेवला, तर पृष्ठभागाचा खचाव अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतो. वाळू काही खरी लवचीक नव्हे, तरी पहिल्या अंदाजाला अभियंते हेच धरतात. सीमा-घटक पद्धतही अशाच सूत्रावर उभी आहे: जमिनीच्या पोटात जाळं विणायचं नाही, फक्त पृष्ठभागाचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यावर सूत्राचं इंटिग्रेशन करायचं.

संगणक ते सहसा गाउसच्या रीतीने उरकतो. तुकड्यावरचे मोजके बिंदू घ्यायचे, तिथल्या किमतींची भारित बेरीज करायची. एक मीटर बाजूच्या चौरसावर सारखा भार धरा. केंद्रापासून पाच मीटरवर ‘एक भागिले अंतर’ याचं इंटिग्रेशन चार बिंदूंनी 0.2003 येतं; अचूक उत्तरही तेच. आता खुद्द केंद्रावर या. तिथे अंतर शून्य, म्हणजे किंमत अनंत, तरी इंटिग्रेशन मर्यादितच राहतं: 3.525. चार बिंदू मात्र 2.449 सांगतात. नेमका भाराखालचा खचाव 30 टक्के कमी! बिंदू वाढवले की उत्तर सुधारतं, पण रडतखडत.

आयताकृती भारासाठी हे इंटिग्रेशन कागदावरच पुरं होतं. लव्ह या इंग्रज गणितज्ञाने 1929 मध्ये ते मांडलं. मग सगळीकडे सूत्रच का नको? तुकडा वक्र असला की तयार सूत्र मिळत नाही. शिवाय दूरच्या बिंदूसाठी जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी होते आणि संगणकाचे अचूक अंक त्यातच गळतात. वक्र तुकड्यावर एक देखणी युक्ती चालते: बिंदूभोवती ध्रुवीय निर्देशक घेतले की क्षेत्रफळातून येणारं अंतर छेदातल्या अंतराला काटतं.

खरी फसगत होते ती तुकड्याला जवळजवळ टेकलेल्या बिंदूवर. अंतर शून्य नाही, म्हणून प्रोग्रॅम बेसावध राहतो आणि चुकीचं उत्तर शांतपणे छापतो. बिंदू किती जवळ आहे हे तुकड्याच्या लांबीशी ताडून मगच रीत निवडणारा प्रोग्रॅम मला जास्त भरवशाचा वाटतो: जवळ सूत्र, लांब गाउस.