पब्लिक पॉलिसी शिकायचंय? आधी अभ्यासक्रम मागून वाचा

उन्हाळा तापला की करमाळा तालुक्याच्या उजनीकाठच्या गावांत एकच चौकशी सुरू असते : धरण किती मायनसमध्ये गेलं? 2024च्या जूनमध्ये उजनी उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेली होती. बाहेरच्या माणसाला हे कोडंच वाटतं. डोळ्यांसमोर पाणी दिसतंय, मग साठा शून्याच्या खाली कसा? उजनीची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला 63 टीएमसीहून अधिक मृत साठा. टक्केवारी काढतात ती उरलेल्या साधारण साडेत्रेपन्न टीएमसीवर, म्हणजे उपयुक्त साठ्यावर. तो संपून मृत साठ्याला हात लागला की आकडा उणे होतो. मग कंदर, केत्तूर, चिखलठाण भागातले शेतकरी मागे सरकणाऱ्या पाण्यामागे पाइप आणि केबल वाढवत जातात, कारण केळी आणि ऊस थांबत नाहीत.

हा आकडा पाऊस ठरवतो तितकाच माणसांचे निर्णयही ठरवतात. कालव्याला आवर्तन कधी द्यायचं, बॅकवॉटरच्या पंपांना किती तास वीज द्यायची, सोलापूर शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी भीमेत किती सोडायचं? नदीतून पाणी शहराला पुरवणाऱ्या औज बंधाऱ्यापर्यंत पोचवायला शहराच्या गरजेच्या कितीतरी पट पाणी सोडावं लागतं. त्यावर उपाय म्हणून थेट पाइपलाइन झाली. 2021मध्ये उजनीतलं 5 टीएमसी पाणी पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरला देण्याचा निर्णय झाला, सोलापूर जिल्ह्यात आंदोलनं पेटली आणि निर्णय रद्द झाला. कोणाला किती, कशाच्या आधारावर, खर्च कोणाचा आणि चुकलं तर जबाबदार कोण, हे प्रश्न शिस्तीनं सोडवायला शिकणं म्हणजे पब्लिक पॉलिसीचं शिक्षण. बारावीनंतर हा विषय घ्यावासा वाटणाऱ्या करमाळ्याच्या मुलामुलींनी आधी एवढं ओळखावं की विषयाची निम्मी प्रयोगशाळा त्यांच्या तालुक्यातच आहे.

आता कॉलेज. हल्ली काही खासगी विद्यापीठांनी पदवीच्या पातळीवरच ‘पब्लिक पॉलिसी’ या नावाचे अभ्यासक्रम काढलेत. माहितीपुस्तिका देखण्या असतात, फी मात्र सामान्य शेतकरी कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची. माझं मत स्पष्ट आहे : केवळ पदवीवर ते नाव यावं म्हणून कर्ज काढू नका. या क्षेत्रातली आपल्याकडची मोठी माणसं त्या नावाची पदवी घेऊन आली नव्हती. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ अर्थतज्ज्ञ होते. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत ते विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबर होते आणि पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. त्याच संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971मध्ये देशातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला, त्यावर पुढे कितीतरी वर्षं वाद झडले. आणि 1972च्या दुष्काळात ज्या रोजगार हमीनं महाराष्ट्र तगला, तिचे शिल्पकार वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे. मागेल त्याला काम ही कल्पना 1977च्या कायद्यात आली, खर्चासाठी व्यवसाय कर लावला गेला, आणि 2005च्या केंद्रीय कायद्यानं तीच वाट पुढे देशभर नेली. कल्पना, कायदा आणि पैसा तिन्ही जुळले म्हणून ती योजना उभी राहिली. विद्यार्थ्यानं हे तिन्ही वाचायला शिकायचं असतं.

म्हणून कॉलेज पाहताना इमारतीआधी अभ्यासक्रम पाहा. त्यात अर्थशास्त्र आहे का? संख्याशास्त्र सक्तीचं आहे की ऐच्छिक? राज्यशास्त्राच्या बरोबरीनं स्थानिक स्वराज्य संस्थांचा कारभार शिकवतात का? विद्यार्थी सर्वेक्षणाला गावात जातात, की सारं वर्गातच उरकतं? माझ्या लेखी सगळ्यात निर्णायक प्रश्न संख्याशास्त्राचा. गणिताला भिऊन कला शाखेकडे वळलेली हुशार मुलं पॉलिसीच्या अभ्यासात नेमकी इथंच अडतात. अर्थसंकल्पाचा तक्ता वाचता आला नाही, तर भाषण चांगलं करता येईल, धोरण आखता येणार नाही.

या कसोटीवर पर्याय बरेच निघतात. गोखले संस्थेत अर्थशास्त्राची बीएस्सी आहे, तिथं गणिताची तयारी हवी. फर्ग्युसनसारख्या पुण्यातल्या जुन्या कॉलेजांत किंवा सोलापूरच्या संगमेश्वर, दयानंदमध्ये बीए करता येतं. बंगळूरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात कुटुंबाचं उत्पन्न पाहून फीमाफी मिळते, पण प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि शिकवणं इंग्रजीत. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी 2022पासून सीयूईटी ही सामायिक परीक्षा आहे. तिचा अर्ज बारावीचा निकाल लागण्याच्या कितीतरी आधी भरावा लागतो, आणि गावाकडची मुलं बहुधा इथंच मागे राहतात.

घरची परिस्थिती बाहेर पाठवण्याची नसेल, तर करमाळ्यातच यशवंतराव चव्हाण महाविद्यालयात पदवी घेऊन पुढे पदव्युत्तरला पॉलिसीकडे वळण्यात काहीही कमीपणा नाही. मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागाच्या नावातच आता ‘पब्लिक पॉलिसी’ आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेचं तुळजापूरचं केंद्र 1986पासून आहे आणि ते बार्शीच्या पलीकडेच. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात दोन वर्षांचा पॉलिसीचा अभ्यासक्रम आहे. जिथं प्रवेशासाठी मुलाखत असेल, तिथं जाताना आपल्या ग्रामपंचायतीच्या जमाखर्चावर किंवा उजनीच्या एका आवर्तनावर स्वतः लिहिलेलं टिपण सोबत असलं, तर बोलायला भक्कम मुद्दा मिळतो.

पालकांचा ठरलेला प्रश्न असतो : यातून कलेक्टर होता येतं का? यूपीएससीला कुठल्याही शाखेची पदवी चालते, पॉलिसीची वेगळी सवलत नाही. पण जलसंपदेपासून आरोग्यापर्यंत काम करणाऱ्या संशोधन संस्था, स्वयंसेवी संस्था, आमदार-खासदारांचे अभ्यासगट, सल्लागार कंपन्या इथं आकडे जाणणारी आणि मराठीत गावकऱ्यांशी बोलू शकणारी माणसं लागतात.

प्रवेश घेण्याआधी दोन गोष्टी करा. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरची कुठली शिष्यवृत्ती त्या कॉलेजला लागू आहे, हे कॉलेजच्या कार्यालयात लेखी विचारा. खासगी आणि अभिमत विद्यापीठांच्या बाबतीत तर हमखास विचारा. आणि जेऊरहून रेल्वेनं जाऊन कामाच्या दिवशी कॉलेज पाहून या. ग्रंथालयात बसा, दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठा आणि त्यानं मागच्या सत्रात केलेला प्रकल्प दाखवायला सांगा.