खाऱ्या वाऱ्यात स्लॅब टाकण्याआधी

तुमसर तालुक्यातल्या आमच्या सिहोऱ्याहून समुद्र गाठायचा तर शेकडो किलोमीटर रस्ता तुडवावा लागतो. त्यामुळे मालवण तालुक्यातल्या मित्राने किनाऱ्यालगतचं जुनं चिऱ्याचं घर दुरुस्तीला काढलं आणि ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न करायचंय, बघून जा’ म्हणाला, तेव्हा मला हसूच आलं. बावनथडीकडचा माणूस समुद्राकाठी काय अक्कल पाजळणार? पण जाऊन पाहिलं, तर त्याच्या डोक्यातले निम्मे गैरसमज आम्ही तुमसर तालुक्यात केव्हाच पैसे मोजून विकत घेतलेले होते.

उदाहरणार्थ, छप्पर सपाट केलं की घर मॉडर्न होतं, हा. आम्ही कवेलू उतरवून स्लॅब टाकला आणि त्याच मे महिन्यात, पारा ४५वर असताना, बाबांनी खाट अंगणात काढली. साधारण १९४५ ते १९७० या काळातल्या या शैलीत सपाट छपरं आहेत तशी कमी उताराचीही आहेत. लांब बाहेर काढलेली वळचण ही तर तिची ओळखच. पुद्दुचेरीचं ‘गोलकोंड’ घ्या. अँटोनिन रेमंड यांची ही इमारत १९४०च्या दशकात पुरी झाली, म्हणजे या शैलीची थोरली बहीणच. समुद्रापासून चार पावलांवर असून तिचा सगळा भर हवा खेळवण्यावर आहे: उघडझाप करता येणाऱ्या आडव्या झडपा, आत सरकती सागवानी दारं. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथे उतरतं कौलारू छप्पर ठेवणं हा मागासपणा नाही.

मित्राचा दुसरा हट्ट मात्र महागात पडला असता. ‘ओटी आणि माजघरामधली भिंत पाडू, सगळं मोकळं.’ परदेशी मासिकांतल्या घरांत छपराचा भार खांब-तुळयांवर असतो; मधल्या भिंती नुसते पडदे. इथे वाशांचा भार चिऱ्याची भिंतच पेलते. ती पाडायची तर आधी इंजिनिअरकडून तुळई आणि टेकू यांचा हिशोब करून घ्यावा लागतो. त्यापेक्षा खिडकीची रुंदी तेवढीच ठेवून तिची खालची कड जमिनीपर्यंत उतरवली, तर वरच्या भाराला धक्का न लावता उजेड आत येतो. आम्ही तेच ठरवलं.

‘सिमेंटला समुद्र काय करतो?’ हा तिसरा. याचं उत्तर घरानेच दिलं. मागच्या पडवीला आधीच्या मालकाने काँक्रीटचा छज्जा जोडला होता. मित्राने खालून सहज अंगठा दाबला, तर तळहाताएवढा पोपडा हातात आला आणि आत सळई दिसली, गुळाच्या ढेपेसारखी तपकिरी, पापुद्रे सुटलेली. खाऱ्या हवेतले क्लोराइड काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून सळईपर्यंत पोचतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि काँक्रीट आतून फोडतो. म्हणूनच भारतीय मानक ४५६ सौम्य हवेत सळईवर २० मिलिमीटर आवरण चालवून घेतं, पण थेट समुद्री हवेच्या तोंडी असलेल्या बांधकामाला किमान ४५ मिलिमीटर आणि एम-३० दर्जाचं काँक्रीट सांगतं. बाहेरच्या स्टेनलेस स्टीललाही हाच न्याय: नेहमीचं ३०४ तिथे डागाळतं, मोलिब्डेनम असलेलं ३१६ टिकतं. शेजारच्या आजोबांनी हे सगळं एका वाक्यात उरकलं, ‘खारो वारो लोखंडाक सोडणा नाय.’

मरीन ड्राइव्हच्या गोलाकार बाल्कन्यांचे फोटो मित्राने नमुना म्हणून जमवले होते. ती आर्ट डेको, एक पिढी आधीची. बाजूला ठेवली.

ही शैली विलायती, कोकणाशी तिचा काय संबंध, असं गवंडी म्हणाला. संबंध फार जवळचा आहे. भारतात आधुनिक वास्तुकला रुजवणाऱ्यांतलं मोठं नाव म्हणजे अच्युत कानविंदे. जन्म १९१६, गाव आचरा, याच मालवण तालुक्यातलं. हार्वर्डला वॉल्टर ग्रोपिअस यांच्या हाताखाली शिकून आलेल्या या माणसाने पुढे आयआयटी कानपूरचा परिसर उभा केला. गवंड्याला आयआयटीचं फारसं पडलं नव्हतं, पण ‘आचऱ्याचे?’ म्हणून त्याने थापी खाली ठेवली.

फर्निचरबद्दल थोडक्यात. पिअर जानरे यांच्या चंदीगडच्या खुर्च्या साग आणि वेताच्या होत्या. कधीकाळी भंगारात गेल्या, आता परदेशात लिलावांत विकल्या जातात. मित्राच्या माळ्यावर सागवानी बाकडी धूळ खात आहेत आणि तो प्लायवूडचं कोटेशन मागवतोय! त्याला रागावलो.

राहिली परवानगी. ‘जुनं घर आहे, कोण विचारतं?’ १९९१पासून सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू आहेत. त्यांचा पल्ला भरतीरेषेपासून साधारण ५०० मीटरपर्यंत जातो. उलट टोकाचा गैरसमजही आहे, की तिथे खिळासुद्धा ठोकता येत नाही. अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती करता येते; मात्र जोत्याचं क्षेत्र आणि चटई क्षेत्र आहे त्यापेक्षा वाढता कामा नये. मागचा छज्जा कागदावर कुठेच सापडला नाही. तो तसाही पाडायचाच आहे.

बिजागऱ्या लोखंडी की पितळी, यावर सुतारकाकांना एका क्षणाचाही विचार करावा लागला नाही. पितळेसाठी भंडाऱ्याचं नाव, तेव्हा त्या आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. चोवीस लागतील की अठ्ठावीस, ते काका खिडक्या पुन्हा मोजून कळवणार आहेत.