माइनक्राफ्टमधील कृतिपुस्तिकेविषयी

‘माइनक्राफ्ट’मध्ये वस्तू घडविण्याची जी नऊ घरांची चौकट आहे ती कल्पना म्हणून रमणीय खरी, परंतु संगणकावरील आवृत्तीत कोणत्या घरात काय ठेवले असता काय निष्पन्न होईल याची फारशी वर्दी खेळ स्वतः देत नसल्यामुळे, साध्या दगडी कुदळीसाठीदेखील वरच्या ओळीत तीन दगड आणि त्यांखाली मधोमध दोन काठ्या ही मांडणी मुखोद्गत असावी लागे. त्यातून सामाईक सर्व्हरवर काळ कोणासाठी थांबत नाही. चौकट उघडून विचारमग्न झालेल्या खेळाडूच्या पाठीशी झाँबी येऊन ठेपलेला असे.

जून २०१७ मधील १.१२ या आवृत्तीने यावर कृतिपुस्तिकेची जी तजवीज केली, ती मला सर्वथैव आदर्श वाटते. हिरव्या पुस्तकाच्या चिन्हावर टिचकी मारून वस्तू निवडली, की साहित्य आपापल्या घरांत आपोआप जाऊन बसते. शिफ्ट दाबून निवडल्यास शक्य तितका साठा एकदम भरला जातो. आणि काही उणे असेल तर त्या जिन्नसाची छाया तांबड्या पार्श्वभूमीवर उमटून नेमकी उणीव कळते.

याहून मार्मिक गोष्ट अशी, की सर्व कृती आरंभीच उघड न करता, साहित्य हाती येईल तसतशी एकेक कृती दप्तरी दाखल होते आणि शोधाचा आनंद शाबूत राहतो. हाताने मांडणी करण्याची पूर्वापार मुभाही कायम आहे. मात्र सर्व्हरचालकाने ‘डू-लिमिटेड-क्राफ्टिंग’ हा नियम अमलात आणल्यास, दप्तरी नसलेली कृती अचूक मांडूनही फळत नाही.