हॉलिवूडच्या रहस्यपटमालिकांतील शोधक जोडपी : एक तुलना

१९३० च्या दशकात हॉलिवूडमध्ये रहस्यपटांच्या मालिका लोकप्रिय झाल्या. त्यांपैकी दोन मालिकांतील जोडप्यांची तुलना केली असता, शोधकार्यातील स्त्रीचे स्थान तिच्या वैवाहिक स्थितीशी निगडित असल्याचे दिसून येते.

डॅशिएल हॅमेट यांच्या कादंबरीवर आधारित ‘द थिन मॅन’ (१९३४) या एमजीएमच्या चित्रपटापासून १९४७ पर्यंत सहा चित्रपट निघाले. विल्यम पॉवेल व मर्ना लॉय यांनी या सर्व चित्रपटांत निक व नोरा चार्ल्स हे दांपत्य साकारले. संपत्ती नोराची, विनोदबुद्धी दोघांची सारखीच. तपास मात्र निकचा. पहिल्याच चित्रपटात नोरा सोबत येऊ पाहते, तेव्हा निक तिला टॅक्सीत बसवून जनरल ग्रँट यांच्या समाधीकडे धाडतो.

याउलट वॉर्नर ब्रदर्सच्या ‘टॉर्ची ब्लेन’ मालिकेची (१९३७-३९) नायिका वृत्तपत्राची वार्ताहर आहे. फ्रेडरिक नेबेल यांच्या मूळ कथांतील वार्ताहर पुरुष होता. मालिकेच्या नऊपैकी सात चित्रपटांत ग्लेन्डा फॅरेल यांनी टॉर्ची रंगविली. तिचा वाग्दत्त वर, पोलीस अधिकारी स्टीव्ह मॅकब्राइड, चाचपडत असताना टॉर्ची गुन्ह्याचा माग काढते. दोघांचा विवाह मात्र लांबणीवर पडत राहतो.

सारांश, नोराला सहजीवन लाभले, पण तपासाचा अधिकार नाही. टॉर्चीला तपास लाभला, पण संसार नाही. एकाच स्त्रीच्या ठायी या दोहोंचा मेळ घालणे या दोन्ही मालिकांनी टाळले.