एक किलोचा उपग्रह आणि मागच्या वर्षीची वही

इंजिनियरिंगला मुलगा असलेल्या घरात सबमिशनचा आठवडा आला की जे दृश्य दिसते ते पुष्कळ वाचकांच्या परिचयाचे असेल. चिरंजीव रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागत आहेत, मातोश्री चहा करून देत आहेत आणि तीर्थरूप शेजाऱ्यांना अभिमानाने सांगत आहेत, "आमचा अगदी रात्रंदिवस अभ्यास करतो हो!" अभ्यास कसला? समोर मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याचे जर्नल उघडे असते आणि त्यातली रीडिंगे, एखादा दशांश इकडेतिकडे करून, नव्या जर्नलात उतरत असतात. यंत्राचे दर्शन झालेच असेल तर ते दहा जणांच्या घोळक्यातून, लांबून. असा मुलगा तिसऱ्या वर्षाला "कंटाळा येतो" म्हणू लागला, तर त्याला आळशी ठरवण्याची घाई मी तरी करणार नाही.

पण मागच्या वर्षीच्या वहीचा निराळाही उपयोग पुण्यात झालेला आहे. त्याचीच ही हकीकत.

पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे सर्वांच्या तोंडचे सीओईपी, ही जुनी संस्था. सरकारी बांधकामांवर देखरेख करणारी माणसे तयार करण्यासाठी 1854 साली तिची सुरुवात झाली. सर विश्वेश्वरय्या इथलेच विद्यार्थी. 2022 पासून ती विद्यापीठ झाली आहे. इथल्या काही मुलांनी 2008 साली मनावर घेतले की, आपण उपग्रह करायचा.

कल्पना वेडी वाटते. पण तिला आधार होता. अमेरिकेतले दोन प्राध्यापक, स्टॅनफर्डचे बॉब ट्विग्ज आणि कॅलिफोर्निया पॉलिटेक्निकचे जॉर्डी पुइग-सुआरी, यांनी 1999 साली 10 सेंटिमीटर लांबी, रुंदी आणि उंचीच्या उपग्रहाचा आराखडा मांडला होता. मोठा उपग्रह पुरा होईपर्यंत विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातात, तेव्हा मुलांच्या हातून पुरा होईल एवढाच उपग्रह असावा, हा त्यामागचा हेतू. हे माप ट्विग्जसाहेबांना एका मऊ खेळण्याच्या प्लॅस्टिकच्या डबीवरून सुचले म्हणतात. आपल्याकडचा चिवड्याचा छोटा डबा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे झाले!

आता या डब्यात अडचणी किती, ते पाहा. 10 सेंटिमीटरच्या एका बाजूवर पडून पडून ऊन किती पडणार? सुमारे साडेतेरा वॅट. सौरघट त्यातला फार तर तिसरा हिस्सा विजेत बदलणार, आणि पृथ्वीच्या सावलीत गेले की तेही बंद. रात्री लावायचा जुन्या पद्धतीचा झिरोचा दिवासुद्धा या विजेवर धड पेटायचा नाही! एवढ्याशा शिधोरीवर उपग्रहाने संदेश घ्यायचे, साठवायचे, पुन्हा जमिनीवर पाठवायचे. शिवाय स्वतःला सावरायचे. कारण डबा कोलांट्या घेऊ लागला तर अँटेनाचे तोंड भलतीकडेच.

सावरण्यासाठी मोटारी बसवाव्यात तर त्या वीज खाणार. मुलांनी निराळा मार्ग पत्करला. उपग्रहात एक कायमचा लोहचुंबक ठेवला. होकायंत्राच्या सुईसारखा तो पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राला धरून राहतो, वीज शून्य. परंतु होकायंत्राची सुई हवेच्या आणि टेकूच्या घर्षणाने डुलायची थांबते. अवकाशात हे दोन्ही नाही, तेव्हा तिथली सुई डुलतच राहील. म्हणून चुंबकाच्या जोडीला विशिष्ट मिश्रधातूच्या कांड्या बसवल्या. डब्याच्या प्रत्येक झोक्यासरशी त्या कांड्यांचे चुंबकत्व उलटसुलट होते, त्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते आणि झोका लहान होत जातो.

यालाच हिस्टेरिसिस म्हणतात. इंजिनियरिंगच्या मुलांनी त्याची फुगीर पानासारखी आकृती परीक्षेत हमखास काढलेली असते. ट्रान्सफॉर्मरच्या प्रकरणात तो 'तोटा' म्हणून येतो आणि तो कमी कसा करावा यावर प्रश्न असतो. इथे तोच तोटा मुद्दाम घरात आणून कामाला लावला. पाच मार्कांची ती आकृती आपल्या डब्याला सावरणार आहे, हे ज्या मुलाला उमगले, त्याला ती पाठ करायला सांगण्याची गरज उरत नाही.

खरी परीक्षा निराळीच होती. पदवी चार वर्षांची आणि काम चालले आठ वर्षे! विद्यार्थी निघून जाण्याआधी पुरा व्हावा म्हणून ज्याचा आकार लहान केला, तोच उपग्रह त्यांना पुरून उरला. एक तुकडी गेली की दुसरीने सूत्रे घ्यायची. इथे मागच्यांची टिपणे उतरवून काढणे बिनकामाचे. हा आकडा का धरला, ही तार इथूनच का नेली, हे समजून घ्यायला हवे. अन् लिहिणाऱ्यालाही जबाबदारी आली. कारण त्याने लपवलेली चूक धाकट्यांच्या पदरात पडणार, आणि ती दुरुस्त करायला वर कोणी जाऊ शकत नाही.

हे सारे वर्गाच्या परीक्षा सांभाळून. कुणा वडिलांनी "डबे कसले करतोस, मार्कांकडे बघ" म्हटले असेल, तर त्यांनाही मी दोष देणार नाही. फी त्यांनी भरलेली असते. प्रत्येक कॉलेजाने उपग्रह सोडावा असेही नाही. विहिरीवरचा पंपदेखील चालेल, मात्र तो शेवटी पाणी उपसणारा हवा.

या उपग्रहाचे नाव 'स्वयम्'. 22 जून 2016 रोजी सकाळी 9 वाजून 26 मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी34 अग्निबाण उडाला. त्यात एकंदर 20 उपग्रह होते. थोरला कार्टोसॅट 727.5 किलोचा आणि आपला 'स्वयम्' उणापुरा एक किलोचा. सुमारे 505 किलोमीटर उंचीवर सगळी मंडळी पोचली. त्याच वर्षी 26 सप्टेंबरला मुंबईच्या आयआयटीतल्या मुलांचा दहा किलोचा 'प्रथम'ही गेला. त्याचेही काम 2007 पासून चाललेले.

2008 साली ज्यांनी पुण्यात पहिल्या आकृत्या काढल्या, ते त्या जूनमधल्या सकाळी केव्हाच पदवीधर होऊन आपापल्या नोकरीधंद्याला लागलेले होते. आणि तेव्हा तिसऱ्या वर्षात शिकणारी मुले, वयाचा हिशेब केला तर, 2008 साली सातवीत होती.