आकडा उतरला, धोका तसाच

किडनी बदलून माणूस जामखेडला परततो तेव्हा औषधांची पिशवी आधीच जड असते. त्यात भेटायला येणारे ‘शक्तीच्या गोळ्यां’ची भर घालतात. बी-कॉम्प्लेक्स घेतल्यावर लघवी पिवळीधमक झाली की घरातले धास्तावतात, किडनी बिघडली की काय! तो रंग बी-२ चा. जास्तीचं असेल ते शरीर टाकून देतं.

या गोळ्या हृदय राखतात, हा समज मात्र साधा नाही. तो वैद्यकशास्त्रातूनच आला. किडनी अधू असली की रक्तात होमोसिस्टीन नावाचं द्रव्य वाढतं आणि ते वाढलेल्यांत हृदयविकारही जास्त आढळतो. फॉलिक ॲसिड, बी-६ आणि बी-१२ ते खाली आणतात. मग हृदयही वाचेल, असं डॉक्टरांनाही वाटत होतं.

अमेरिका, कॅनडा आणि ब्राझीलमधल्या ४,११० प्रत्यारोपित रुग्णांवर ‘फेवरिट’ चाचणी झाली. एका गटाला रोज फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम, बी-६ ५० आणि बी-१२ १ मिलिग्रॅम. दुसऱ्याला बी-६, बी-१२ नावापुरतं, फॉलिक ॲसिड नाहीच. निकाल २०११ मध्ये छापून आला. होमोसिस्टीन घसरलं, पण हार्ट ॲटॅक, पक्षाघात, मृत्यू, पुन्हा डायलिसिस यांत फरक पडला नाही.

‘जीवनसत्त्वच ते, बाधणार काय?’ हेही खरं नाही. कॅनडातल्या २०१० च्या एका चाचणीत मधुमेहाने किडनी बिघडलेल्यांना असे मोठे डोस दिले, तर किडनी उलट लवकर खालावली, हार्ट ॲटॅक आणि पक्षाघातही वाढले. ते रुग्ण प्रत्यारोपणाचे नव्हते, पण धडा घेण्याजोगा आहे. बी-६ चा मोठा डोस फार दिवस घेतला तर नसाही दुखावतात.

म्हणून बी-१२ वाईट ठरत नाही. शाकाहारी माणूस किंवा मधुमेहावर मेटफॉर्मिन घेणारा, यांच्यात त्याची खरी कमतरता असू शकते: पायाला मुंग्या, रक्त कमी. तपासणीत कमी निघालं तर औषध घ्यायलाच हवं. तो कमतरतेचा उपचार, हृदयाचा विमा नव्हे.

हृदयासाठी लक्ष द्यायचं ते रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू-मिश्रीकडे. नवी किडनी टिकवणाऱ्या स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमस या औषधांनी साखर वाढू शकते, रक्तदाबही; तरी ती मनाने बंद करायची नाहीत, नाहीतर शरीर ती किडनीच नाकारू शकतं. जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या बायकांनाच आरोग्यसेविका म्हणून घडवलं. अशा गावात रक्तदाब मोजून वहीत लिहिणं अवघड नसावं. ती वही आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, शक्तीच्यासुद्धा, पुढच्या तपासणीला डॉक्टरांसमोर ठेवा.